घरात तेल, तरी पेट्रोलला रांग: नायजेरियात नेमकं चुकतं कुठे?

सांगवीकर | २८ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:१२

मंडळी, भाच्याला लागोसजवळ लेक्कीला नोकरी चालून आलीये. पोरगा इन्स्ट्रुमेंटेशनवाला, आधी दहेज, मग ओमान, त्यामुळे रिफायनरी त्याला नवी नाही. करार दोन वर्षांचा, पगार बरा. अडलंय ते ताईपाशी, म्हणजे त्याच्या आईपाशी. तिने कुठलासा व्हिडिओ बघितला. पंपावर लांबच लांब रांग, लोक कॅन घेऊन हातघाईवर आलेले, खाली लिहिलंय नायजेरिया. तेव्हापासून तिचं एकच पालुपद: "ज्यांच्या घरात तेल आहे त्यांनाच पेट्रोल मिळेना, तिथे माझा पोरगा कशाला?"

तिची समजूत काढायला गेलो आणि मीच गार झालो. वाचलं ते असं. १९५६ साली ओलोइबिरी नावाच्या गावात तेल लागलं, १९५८ पासून निर्यात सुरू. सरकारी रिफायनऱ्या चार: पोर्ट हार्कोर्टला दोन (६०,००० आणि १,५०,००० बॅरल रोज), वारीला एक (१,२५,०००), कादुनाला एक (१,१०,०००). बेरीज ४,४५,०००. आणि एवढं असून वर्षानुवर्षं पेट्रोल जवळजवळ सगळं परदेशातून! परवा २६ तारखेला पोर्ट हार्कोर्टची जुनी रिफायनरी पुन्हा सुरू झाली, तर तिची पहिल्या पानावर बातमी. आपल्याकडे माहुलची रिफायनरी 'सुरू आहे' अशी बातमी कधी वाचलीये?

तर प्रश्न सरळ आहे. क्रूड (कच्चं तेल) स्वतःचं, रिफायनऱ्या स्वतःच्या, गिऱ्हाईक स्वतःचं. मग घोडं अडतं कुठे? आणि जाता जाता, पोराने जावं का?

---

खोडसाळ_बोका | २८ नोव्हेंबर, १०:१९

पोराने जावं. ताईंना सांगा, कोकणात जन्म काढूनही पहिल्या पेटीचा हापूस आपल्याला कुठे मिळतो?

---

विदा_कुठाय | २८ नोव्हेंबर, १०:४०

उत्तर एका शब्दाचं आहे. भ्रष्टाचार. धागा बंद करायला हरकत नसावी.

---

जुना_ऑपरेटर | २८ नोव्हेंबर, ११:३५

विदासाहेब, एवढ्या लवकर कुलूप लावू नका. माहुलच्या दोनपैकी एका रिफायनरीत माझी एकतीस वर्षं गेली, त्या अनुभवावर थोडं लिहितो.

लोकांना वाटतं क्रूड आणि पेट्रोल म्हणजे दूध आणि दही. विरजण लावलं की झालं. तसं नाही, ते ऊस आणि साखर आहे. मधे आख्खा कारखाना लागतो आणि तो सतत चालता ठेवावा लागतो. क्रूड भट्टीत साडेतीनशे अंशांपर्यंत तापवून कॉलममध्ये, म्हणजे उंच मनोऱ्यात, सोडायचं, वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळा माल निघतो. पण नुसत्या कॉलममधून गाडीत घालण्यासारखं पेट्रोल निघत नाही. नाफ्था निघतो. त्याचा ऑक्टेन (पेट्रोलचा दर्जा) वाढवायला रिफॉर्मर, जड माल फोडायला क्रॅकर, गंधक काढायला वेगळं युनिट. यातलं एक बसलं तरी माल निघतच राहतो, पण पेट्रोल कमी आणि फर्नेस ऑइल जास्त.

आणि दर काही वर्षांनी शटडाऊन, म्हणजे सगळं बंद करून मोठी देखभाल, घ्यावाच लागतो. आमच्याकडे शटडाऊन म्हणजे लग्नघर. वर्षभर आधी याद्या, सुटे भाग मागवलेले, चार-पाच आठवडे रात्रंदिवस शेकडो माणसं. एक्स्चेंजरचे (उष्णतेची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्राचे) नळ्यांचे बंडल बाहेर ओढायचे, ट्यूब एकेक करून साफ करायच्या, जाडी मोजायची, पातळ झालेली नळी बदलायची. मी एकदा हातात घेतलेली नळी बाहेरून ठणठणीत होती आणि आतून पोस्टकार्डाएवढी उरलेली. अजून दोन महिने चालवली असती तर काय झालं असतं हे मला चांगलं माहीत आहे.

हा खर्च चुकवला तर त्या वर्षी ताळेबंद सुंदर दिसतो. दुसऱ्या वर्षीही. नंतर एकदम सगळंच जातं. नायजेरियाच्या चारही रिफायनऱ्यांचं मुख्यतः हेच झालं. शटडाऊन लांबत गेले, अर्धवट झाले. जुनी पोर्ट हार्कोर्ट १९६५ ची, वारी १९७८ ची, कादुना १९८० ची, नवी पोर्ट हार्कोर्ट १९८९ ची. वय हे कारण नाही. माहुलच्या दोन्ही १९५०च्या दशकातल्या आहेत आणि अजून धावतायत.

---

खोडसाळ_बोका | २८ नोव्हेंबर, ११:४१

ऊस, साखर, बंद कारखाना... काका, हा धागा नायजेरियाचाच आहे ना? मला सांगली, सोलापूर दिसायला लागलंय. कारखाना आजारी, चेअरमन धडधाकट.

---

एको_ते_इचलकरंजी | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

लागोसला मी २०११ ते २०१६ होतो. (एको हे लागोसचं योरुबा नाव. माझ्या आयडीचा अर्थ विचारणाऱ्यांसाठी.) सांगवीकर, ताईंनी बघितलेली रांग खरी आहे, पण रोजची नाही. रांगेला मोसम असतो. सरकारने आयातदारांचे पैसे थकवले की रांग. दर वाढणार अशी आवई उठली की रांग. सणाच्या आधी रांग.

सगळ्यात वाईट बघितली ती मे २०१५ ची. सरकार बदलायला थोडेच दिवस होते, आयातदार अनुदानाची थकबाकी मागत होते, माल सोडेनात. डिझेल संपत आलं म्हणून बँका दुपारीच बंद व्हायला लागल्या. मोबाइल कंपन्यांनी जाहीर केलं की टॉवर बंद पडतील. टॉवर डिझेलवर! तिथे पेट्रोल-डिझेल म्हणजे नुसती गाडी नव्हे, तीच वीज. आजही राष्ट्रीय ग्रिडवर चार-पाच हजार मेगावॉटच्या आसपास आणि माणसं वीस कोटींच्या वर. त्यामुळे घरटी जनरेटर. सगळ्यात छोटा जो असतो, हातात उचलून नेण्याएवढा, त्याला लोकांनी नाव ठेवलंय 'आय बेटर पास माय नेबर', म्हणजे 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा'. वीज आली की आख्ख्या गल्लीत पोरं ओरडतात, "अप नेपा!" नेपा हे वीज मंडळाचं जुनं नाव. मंडळ जाऊन जमाना झाला, आरोळी राहिली.

आमच्या इमारतीचा रखवालदार रांगेच्या दिवसांत पहाटे तीनला कॅन घेऊन जायचा. पंपावर 'कॅनमध्ये देणार नाही' असा फलक आणि फलकाखालीच कॅनवाल्यांची रांग. पंप बंद झाला की तेच पेट्रोल रस्त्याच्या कडेला दुप्पट भावाने. विकणारा पोरगा हातात प्लास्टिकच्या बाटलीचं नरसाळं धरून हलवत उभा, ती त्याची पाटी. बाटली मधोमध कापायची, उलटी करायची, झालं नरसाळं. तोंडाशी फडकं बांधलेलं, गाळायला. पेट्रोलचा वास हाताला आणि शर्टाला दोन दिवस.

---

मनवा_के | २९ नोव्हेंबर, ९:०५

नरसाळ्याचं अगदी अगदी!

---

अर्थहीन | २९ नोव्हेंबर, दुपारी १:२२

जुना_ऑपरेटर यांचा प्रतिसाद उत्तम, वाचनखूण साठवली. पण शटडाऊन का घेतले नाहीत, हा प्रश्न राहतोच. आळस म्हणून? माझ्या मते, कारण रिफायनरी चालवण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

बघा. सरकारने पंपावरचा भाव बांधून ठेवला. मे २०२३ पर्यंत लिटरला २०० नायराच्या (तिथलं चलन) आत. जगात भाव काहीही असो. फरक सरकार भरणार. आता तुम्ही रिफायनरी चालवताय तर बांधलेल्या भावाने विकून तोटा, आणि तोटा भरून मिळायला मंत्रालयाचे उंबरे झिजवायचे. तुम्ही आयात करताय तर प्रत्येक लिटरमागे अनुदान. कागदावर जितके लिटर जास्त तितके पैसे जास्त. जहाज आलं की नाही, आलं तर किती उतरलं, त्यातलं किती सीमेपलीकडे बेनिनला गेलं, कोण मोजतो? बेनिनमध्ये रस्त्याकडेला काचेच्या बरण्यांतून हेच पेट्रोल विकलं जायचं, त्याला तिकडे क्पायो म्हणतात. नायजेरियन करदात्याच्या पैशाने बेनिनमधल्या कोटोनूच्या मोटारसायकली पळत होत्या.

जानेवारी २०१२ मध्ये सरकारने एका रात्रीत अनुदान काढलं, ६५ नायराचं पेट्रोल १४१ झालं, देश रस्त्यावर आला, मग ९७ वर तडजोड. त्यानंतर संसदेची चौकशी समिती बसली, तिने ६.८ अब्ज डॉलरचा घोळ काढला. आणि विदासाहेब, हे खास तुमच्यासाठी: त्या समितीचे अध्यक्ष फारूक लावान यांनाच पुढे लाच घेतल्याबद्दल शिक्षा झाली. लाच कशाची, तर एका तेल उद्योगपतीच्या कंपनीचं नाव यादीतून वगळण्याची.

---

विदा_कुठाय | २९ नोव्हेंबर, १:३०

मग मी वेगळं काय म्हणत होतो?

---

अर्थहीन | २९ नोव्हेंबर, १:४४

तुम्ही रोगाचं नाव सांगितलंत, मी तो कुठल्या पाण्यातून आला ते सांगतोय. भाव बांधलेला असताना तिथे हरिश्चंद्र नेमला असता तरी रिफायनरी तोट्यातच गेली असती.

---

कडक_इस्त्री | २९ नोव्हेंबर, २:१५

सगळं ठीक आहे हो, पण शेवटी तिकडच्या लोकांना असली कामं जमतच नाहीत हे सरळ का म्हणत नाही कोणी?

---

एको_ते_इचलकरंजी | २९ नोव्हेंबर, २:३८

म्हणत नाही कारण ते खोटं आहे. बोनी बेटावर १९९९ पासून एलएनजीचा (द्रवरूप नैसर्गिक वायूचा) प्रकल्प चालू आहे, वायू उणे १६० अंशांपर्यंत थंड करून जहाजात भरतात, आणि तो चालवणारे बहुतेक नायजेरियनच आहेत. तोच देश, तीच माणसं. फरक एवढाच की त्या कंपनीत सरकारकडे ४९ टक्के आहेत, भाव करारावर ठरतो आणि देखभालीच्या पैशाला कोणी हात लावत नाही.

माझा ऑफिसमधला सहकारी पोर्ट हार्कोर्ट रिफायनरीत बारा वर्षं काढून आलेला. तो म्हणायचा, आम्ही रोज आठला हजर, युनिफॉर्म इस्त्रीचा, युनिट बंद. पगार वेळेवर. आमच्याएवढं बुद्धिबळ लागोसात कोणी खेळलं नसेल.

---

खोडसाळ_बोका | २९ नोव्हेंबर, २:४०

इस्त्री गरम झाली वाटतं. शर्ट जळाला.

---

कादुना८१ | २९ नोव्हेंबर, रात्री ९:५५

आयडीवरून ओळखलं असेलच. बाबा १९८१ ते ८५ उत्तर नायजेरियात, झारियाच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे. तेव्हा तेलाच्या पैशावर शाळा धडाधड निघत होत्या आणि भारतातून मास्तर भरून नेत होते. साताऱ्याचे, नागपूरचे, केरळचे तर कितीतरी. मी तिसरी ते सहावी तिकडे. त्या वेळी एका नायराला दीड डॉलरहून जास्त मिळायचे! आज एका डॉलरला सोळाशेच्या वर नायरा. बाबा तिकडे गेले तेव्हा तेलाचा भाव चढा होता, परत आलो तेव्हा पगार तीन-तीन महिने थकत होते. वर्गात खडू नव्हता, हे बाबा शेवटपर्यंत सांगायचे.

कादुनाला गेलं की तिथल्या रिफायनरीची ज्योत रात्री दिसायची. शाळेची सहल तिथे गेली होती. ही रिफायनरी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. क्रूड दक्षिणेतून, एस्क्राव्होसकडून, पाइपलाइनने यायचं. पाइप कुठे ना कुठे फुटलेला किंवा फोडलेला, की कादुना उपाशी. त्यात गंमत म्हणजे तिचा एक भाग वंगण आणि डांबर करण्यासाठी बांधलेला आणि त्याला नायजेरियाचं क्रूड चालायचंच नाही, फार हलकं. म्हणून व्हेनेझुएला, कुवेतकडून जड क्रूड आणायचं आणि देशाच्या पोटात एवढ्या आत न्यायचं. उत्तरेला एक रिफायनरी मिळालीच पाहिजे, हा हिशोब राजकारणाचा होता. सहलीत आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. संत्र्याचा रस मात्र मिळाला.

---

जुना_ऑपरेटर | २९ नोव्हेंबर, १०:२०

कादुना८१, झकास. आणि खरी हळहळ कसली, सांगू? नायजेरियाच्या बोनी लाइटसारखं क्रूड म्हणजे रिफायनरीवाल्याला पुरणपोळी. हलकं, गंधक अगदी कमी. आमच्याकडे नायजेरियन पार्सल लागलं की शिफ्ट शांत जायची. आखातातलं जड, गंधकाचं क्रूड आलं की सल्फर युनिटवाले कपाळाला हात लावून बसायचे. सगळ्यात सोपं क्रूड त्यांच्याकडे, आणि ते आम्हाला विकून आमच्यासारख्यांकडूनच पेट्रोल विकत घ्यायचं. २०१६ पासून तर सरळ अदलाबदलच, क्रूड घ्या आणि पेट्रोल द्या.

---

राजापूरची_गंगा | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:१०

एवढं सगळं वाचून प्रश्न पडतो की रिफायनरी हवीच कशाला? आमच्याकडे नाणारला म्हणे ६ कोटी टनांची होणार होती. मग ते रद्द, मग बारसू. एप्रिल २०२३ मध्ये सड्यावर बाया उन्हात झोपल्या होत्या, तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक 'विकास नको का' विचारत होते. नायजर डेल्टात, म्हणजे तेल निघतं त्या दक्षिणेतल्या खाड्यांच्या मुलखात, काय झालं ते बघा आणि मग विचारा.

---

खोडसाळ_बोका | ३० नोव्हेंबर, ८:१४

गंगा अवतरली! धागा आता वाहून जाणार.

---

जुना_ऑपरेटर | ३० नोव्हेंबर, ८:५०

गंगाताई, डेल्टातलं प्रदूषण प्रामुख्याने विहिरी आणि पाइपलाइनींचं आहे, रिफायनरीचं नव्हे. फरक आहे. माहुलच्या हवेची तक्रार मात्र मला मान्य आहे, मी तिथेच राहिलोय.

---

संपादक | ३० नोव्हेंबर, १०:००

नाणार-बारसूवर आधीच तीन धागे आहेत. कृपया तिकडे. इथे नायजेरिया.

---

मनवा_के | ३० नोव्हेंबर, दुपारी ४:३०

गंगाताईंचा मुद्दा थोडा पुढे नेते, पण नायजेरियातच राहून.

नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१७-१९ आम्ही पोर्ट हार्कोर्टला. पहिल्या आठवड्यात मी पांढरी चादर गच्चीवर वाळत घातली. संध्याकाळी काढली तर तिच्यावर मिरी कुटून भुरभुरावी तसं काळं. झटकलं तर पसरलं. शेजारीण हसली, म्हणाली इथे पांढरं घरात वाळवायचं. सकाळी अनवाणी घरात चार पावलं टाकली तरी तळवे काजळी धरल्यासारखे. मुलीचं नाक शिंकरलं तर रुमाल काळा. २०१६ च्या अखेरीपासून शहर याच्याशी झगडत होतं.

ही काजळी येते मोठ्या अंशी खाड्यांमधल्या चोरट्या भट्ट्यांमधून. तिकडे त्याला 'क्पोफायर' म्हणतात. पाइपलाइनला भोक पाडून क्रूड काढायचं, होडीने खारफुटीत न्यायचं, लोखंडी टाक्यांत भरून खाली जाळ घालायचा, वाफ पाइपातून पाण्यातून नेऊन थंड करायची. डिझेल, रॉकेल धरायचं, उरलेलं डांबरासारखं खाडीत ओतायचं. थोडक्यात हातभट्टी. आणि हातभट्टीसारखीच माणसं मारते. एप्रिल २०२२ मध्ये इमो राज्यात अशाच एका भट्टीच्या स्फोटात शंभरावर माणसं गेली. सैन्य येऊन भट्ट्या पेटवून देतं, त्याची काजळी आणखी वेगळी.

राग येतो, पण कामवाली बाई डेल्टातल्या ओगोनीलँडची होती, तिचं ऐकलं की राग कुठे ठेवायचा कळत नाही. तिच्या आजोबांची मासेमारी, आता खाडीत हात घातला तर इंद्रधनुष्य निघतं. ओगोनींचे नेते, लेखक केन सारो-विवा यांना १९९५ च्या १० नोव्हेंबरला याच शहरात फाशी दिलं, कारण त्यांनी हेच बोलायचं धाडस केलं. २००८ ला ओगोनीलँडमधल्या बोडोला शेलची पाइपलाइन फुटली, भरपाईची तडजोड २०१५ ला, ५.५ कोटी पौंड, तीही लंडनच्या कोर्टात गेल्यावर. बाई म्हणायची, तेल आमच्या अंगणातून जातं, आणि आम्ही घेतलं की चोरी.

---

सांगवीकर | ३० नोव्हेंबर, ६:१५

मनवाताई, हे ताईला दाखवणार नाही. (भाचा लेक्कीला जाणार, पोर्ट हार्कोर्टला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

---

अर्थहीन | ३० नोव्हेंबर, ७:०२

चोरीबद्दल एक भर. होडीवाल्या पोरांच्या हातभट्टीने देशाचं उत्पादन कोसळत नाही. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादन रोजचं दहा लाख बॅरलच्याही खाली गेलं होतं, ओपेकने (तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने) दिलेला वाटा त्याच्या दीडपटीहून जास्त असताना. युक्रेन युद्धामुळे भाव गगनाला भिडलेले आणि यांच्याकडे विकायला माल नाही. त्या ऑक्टोबरात फोर्काडोस या तेल निर्यातीच्या टर्मिनलच्या लाइनवरून चार किलोमीटर लांबीची बेकायदा पाइपलाइन थेट समुद्रात गेलेली सापडली. सरकारी कंपनीनेच सांगितलं की ती नऊ वर्षं चालू होती. चार किलोमीटर पाइप समुद्रात टाकायला बार्ज लागते, वेल्डर लागतात, पाणबुडे लागतात. हे बाटलीच्या नरसाळ्याचं काम नव्हे.

आणि पाइपलाइनींच्या राखणीचं कंत्राट सरकारने त्याच वर्षी कोणाला दिलं? टोम्पोलो यांच्याशी संबंधित कंपनीला. म्हणजे जे एकेकाळी डेल्टातल्या सशस्त्र बंडखोरांचे म्होरके होते, ते.

---

खोडसाळ_बोका | ३० नोव्हेंबर, ७:०५

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

---

एको_ते_इचलकरंजी | ३० नोव्हेंबर, ८:४०

बोक्या, त्यानंतर उत्पादन वाढलं, हेही सांग की. त्या खाड्या ज्याला पाठ आहेत त्यालाच राखण जमते. आपल्याकडे पेंढारी संस्थानिक झालेच ना?

आता भाच्याच्या रिफायनरीकडे. लेक्कीला म्हणजे ती उद्योगपती डांगोटे यांचीच असणार. रोजची ६,५०,००० बॅरल, एकाच ट्रेनमध्ये (म्हणजे यंत्रांच्या एकाच साखळीत), जगात एवढी मोठी एक-ट्रेन दुसरी नाही. सरकारी चार मिळून जेवढ्या त्याच्या जवळपास दीडपट. खर्च २० अब्ज डॉलरच्या घरात. उद्घाटन मे २०२३ ला, डिझेल आणि विमानाचं इंधन जानेवारी २०२४ पासून, पेट्रोल या सप्टेंबरपासून. तांत्रिक सल्लागार आपली इंजिनिअर्स इंडिया लिमिटेड, आणि बांधकामाला हजारो भारतीय. तिकडच्या पेपरात त्यावरून ओरडही झाली, आमच्या पोरांना का नाही म्हणून. ओरड रास्तच होती.

गंमत अशी की याच डांगोटे यांच्या गटाने २००७ मध्ये पोर्ट हार्कोर्ट आणि कादुना रिफायनऱ्यांचा ५१ टक्के हिस्सा विकत घेतला होता. कामगार संघटना चिडल्या, नवं सरकार आलं आणि व्यवहार रद्द झाला. 'आम्हीच चालवू' म्हणाले. पुढचं वर आलंच आहे.

---

विदा_कुठाय | १ डिसेंबर, ११:१०

मग आता प्रश्न सुटला? एका शेठने बांधली आणि देश तरला?

---

अर्थहीन | १ डिसेंबर, १२:२५

पेट्रोल मिळायला लागलं. स्वस्त झालं नाही. २९ मे २०२३ ला नव्या अध्यक्षांनी, टिनुबूंनी, शपथविधीच्या भाषणातच अनुदान संपल्याचं सांगून टाकलं. २०० च्या आतलं पेट्रोल दोन दिवसांत पाचशेवर आणि आज हजारावर. किमान वेतन महिना ७०,००० नायरा, म्हणजे महिनाभराच्या मजुरीत सत्तर लिटरही येत नाही. भाव आता डॉलरवर हलतो, आणि नायरा घसरला की रिफायनरी दाराशी असूनही भाव चढतो.

दुसरी गंमत. डांगोटे यांनी यंदा चक्क अमेरिकेतून क्रूड आणलं. टेक्सासचं क्रूड अटलांटिक ओलांडून नायजेरियात! कारण घरचं बरंचसं आधीच बांधलेलं. सरकारी कंपनीने पुढच्या मालावर कर्जं उचललीत, गेल्या वर्षी एकच ३.३ अब्ज डॉलरचं. ऊस शेतात उभा आहे, पण उचल आधीच घेऊन खर्चलीये. आता १ ऑक्टोबरपासून नायरात क्रूड द्यायची योजना सुरू झालीये, बघू.

त्यामुळे माझं मत: जमिनीत तेल असणं आणि पंपावर पेट्रोल असणं हे दोन निराळे धंदे आहेत. जामनगरच्या रिफायनरीखाली कुठे तेल आहे?

---

जुना_ऑपरेटर | १ डिसेंबर, १:१५

एक-ट्रेन म्हणजे एक कॉलम. तो बंद पडला की सगळंच बंद. मला झोप लागली नसती. भाच्याने जरूर जावं, शिकायला मिळेल तेवढं थोडं.

---

राजापूरची_गंगा | १ डिसेंबर, १:३०

बघा, काकांनाच झोप लागत नाही.

---

एको_ते_इचलकरंजी | ३१ डिसेंबर, सायं. ६:२०

धागा वर काढतोय. काल वारीचीही रिफायनरी सुरू झाल्याचं जाहीर झालं. महिन्याभरात दोन. विदासाहेब, तोंड गोड करा.

---

जुना_ऑपरेटर | ३१ डिसेंबर, ७:४५

थांबा जरा. पोर्ट हार्कोर्टच्या वेळी टँकर जुन्या साठ्यातून भरले असा आरोप झाला होता, कंपनीने तो फेटाळला. बरं, ते सोडा. पेट्रोल म्हणून जे निघालं त्यात बाहेरून आणलेला माल मिसळावा लागतोय हे त्यांनीच मान्य केलंय. कॉलम पेटवणं सोपं, फोटो छान येतो. सहा महिने सलग चालवून दाखवा, मग पेढे.

---

सांगवीकर | १५ जून २०२५, रात्री ९:३०

बऱ्याच दिवसांनी. भाचा फेब्रुवारीत गेला. ताईने शेवटी 'जा' म्हटलं, पण बॅगेत चार किलो मेतकूट आणि देव्हाऱ्यातला अंगारा.

आधी काकांना नमस्कार. तुमचे पेढे वाचले. वारी जानेवारीतच, महिना व्हायच्या आत बंद पडली. पोर्ट हार्कोर्ट २४ मे पासून बंद, देखभालीसाठी. म्हणजे तुमच्या सहा महिन्यांना दोन दिवस कमी पडले! पोर्ट हार्कोर्ट पुन्हा सुरू करण्याच्या दुरुस्तीला २०२१ मध्ये दीड अब्ज डॉलर मंजूर झाले होते.

---

जुना_ऑपरेटर | १५ जून, ९:५२

जिंकल्याचा आनंद नाही हो. त्या बुद्धिबळवाल्यांचं वाईट वाटतं.

---

मनवा_के | १५ जून, १०:०५

भाचा कसा आहे? ताई काय म्हणतात?

---

सांगवीकर | १५ जून, १०:२८

मजेत आहे. प्रकल्पाची स्वतःची वीज आहे, खोलीत चोवीस तास एसी. म्हणतो, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की जनरेटरची घरघर सुरू. एका बाजूला रात्री अख्खी रिफायनरी झगमगतेय आणि समोरच्या टपरीत बाई मोबाइलच्या उजेडात भजी तळतेय. अकारा म्हणतात त्याला, चवळीच्या डाळीची. तो रोज खातो, ताईला सांगितलेलं नाही.

परवा त्याने त्या टपरीचा फोटो पाठवला. बाईचा पोरगा छोट्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओततोय, प्लास्टिकच्या कापलेल्या बाटलीतून, तोंडाशी फडकं. मला लगेच एकोसाहेबांचा प्रतिसाद आठवला. ताईने चष्मा लावून फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "अरे, हे तर आपलं रॉकेलचं नरसाळं. रेशनच्या रांगेत मी न्यायचे ते."

---

खोडसाळ_बोका | १५ जून, १०:३१

अकाराची पाककृती टाका. चवळी भिजत घालतो.